लो ग्रेडचा शेरा

रिपोर्ट हातात पडल्यावर शशिकांत टिपणीसांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्याची फाईल उघडली. खाकी कव्हर, पांढरी नाडी आणि वर ठळक अक्षरात विषय : 'पोट'. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काढलेल्या माणसाला सुटा कागद वाचता येत नाही. तो फाईलला लागला की मगच त्याचा अर्थ लागतो.

इथे तोही लागेना. दीड पान इंग्रजी होतं. 'ट्युब्युलर ॲडिनोमा' या शब्दांना त्यांनी हातच लावला नाही. ती तांत्रिक बाब, संबंधित विभागाने पाहावी. 'डिस्प्लेझिया'लाही तेच. पण मधले तीन शब्द मात्र जुन्या ओळखीचे निघाले, आणि तिन्ही वाईट निघाले. 'लो ग्रेड'. 'निगेटिव्ह'. आणि शेवटी सूचनेत, 'तीन वर्षांनी सर्व्हेलन्स'.

शशिकांतरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोपनीय अहवालांवर शेरे लिहिले होते. ज्याच्या नावापुढे लो ग्रेड आणि निगेटिव्ह असे दोन शेरे एकत्र पडले, तो माणूस पुन्हा वर आलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी लाल पेन्सिलने तिन्ही शब्दांखाली रेघ ओढली, समासात 'पाहिले' असं लिहिलं, तारीख घातली, आणि आपण आता फार दिवसांचे सोबती नाही हे मनाशी मंजूर करून टाकलं.

ही तपासणी त्यांनी आपण होऊन केली नसती. ती कुमुदची, त्यांच्या बायकोची, मागणी होती. "तुमचं पोट आणि तुमची फाईल, दोन्ही ढकलल्याशिवाय हलत नाहीत. एकदा आत काय आहे ते बघून या," असं ती वर्षानुवर्षं म्हणायची. हे 'हो हो' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि ते 'हो हो' तसंच राहिलं. शेवटी या महिन्यात, शेजारच्या टॉवरमधल्या गुलाबरावांना सोबत घेऊन, "महाराष्ट्र सदनात जेवायला जातोय," असं घरी सांगून ते दुर्बिणीची तपासणी करून आले होते. त्यात तीन पॉलिप निघाले. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे काढून लॅबला पाठवले आणि "रिपोर्ट आला की घेऊन या," म्हणाल्या.

पण शशिकांतराव डॉक्टरांकडे जाणार नव्हते. निदान अठ्ठावीस तारखेपर्यंत तरी नाही. अठ्ठावीसला त्यांचा मुलगा चैतन्य, सून केतकी आणि नात अनुष्का दोन वर्षांसाठी रॉटरडॅमला निघणार होते. कुमुदच्या आजारपणात चैतन्यने सिंगापूर सोडलं होतं, बेंगळुरू सोडलं होतं आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये येऊन राहिला होता. आता बापाचा असा शेरा त्याच्या कानावर गेला तर तो रॉटरडॅमही सोडेल, हे नक्की. एका पोराने एका घरासाठी किती विमानं सोडायची? तेव्हा विमान उडेपर्यंत गुप्तता. मग काय व्हायचं ते होवो.

गुप्तता पाळायची तर निदान एका माणसाला सांगावं लागतं. गुलाबराव लेकीकडे नोएडाला गेले होते. शशिकांतराव बाल्कनीत गेले, दार लोटलं आणि फोन लावला. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाल्कनीत उघडते आणि केतकी तिथे मटार सोलते आहे, याची त्यांना जाणीव होती. म्हणून त्यांनी रोगाचं एक अक्षर उच्चारलं नाही. ते ऑफिसच्या भाषेत बोलले.

"हां, गुलाबराव. कागद आला. नाही हो, चांगला कुठला! लो ग्रेड. चौतीस वर्षांत मला कोणी लो ग्रेड दिला नव्हता… निगेटिव्ह शेरा आहे, स्वच्छ लिहिलाय… हो, तिघांनाही जागेवरच उचललं, ते मान्य. पण नमुने लॅबला गेले ना! … अहो, आदल्या दिवशी मी सगळं साफ केलं होतं. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तरी कॅमेऱ्यात आलंच… आता सर्व्हेलन्स. तीन वर्षांनी परत आत… नाही नाही, घरी कोणाला कळता कामा नये. चैतन्यचं विमान एकदा उडू दे."

केतकीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

केतकी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. त्या वस्तीत पाळण्यातल्या पोरालाही सस्पेन्शन आणि सर्व्हेलन्स यांतला फरक कळतो. तिच्या बालपणी समोरच्या ब्लॉकमधले एक काका असेच एके दिवशी 'आत' गेले होते आणि त्यांच्या घरचा फ्रिज कोणी आणि का जप्त करून नेला, यावर सगळी कॉलनी महिनाभर बोलत होती.

चैतन्य गुरुग्रामच्या ऑफिसातून आल्या आल्या तिने त्याला बेडरूममध्ये ओढलं.

"बाबांवर व्हिजिलन्सची केस आहे."

"काय? यार केतकी, बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली."

"मग काय झालं? फाईल रिटायर होते का? तीन माणसं उचललीत. पुरावे लॅबला गेलेत. बाबांनी आदल्या दिवशी सगळं साफ केलं, तरी कॅमेऱ्यात आलंय."

"बाबांनी? आपल्या बाबांनी?"

"आठवतं, मागच्या आठवड्यात दिवसभर बाथरूममध्ये होते? सारखा फ्लश चालू होता. आपल्याला म्हणाले, छोले भटुरे बाधले."

चैतन्य पलंगावर बसला. "म्हणजे तू म्हणतेस, कागद…"

"बिल्कुल. फाडून फाडून."

इतक्यात दारातून अनुष्का म्हणाली, "आजोबांची एक नवी फाईल पण आहे. ते मला टच करू देत नाहीत. उशीखाली ठेवतात." अनुष्का नऊ वर्षांची होती आणि घरातली सर्वांत विश्वसनीय बातमीदार होती.

दोघांनी विचार केला. बाबांच्या हातात शेवटच्या वर्षी काय होतं? खुर्च्या. मंत्रालयाच्या चारशे फिरत्या खुर्च्यांची खरेदी. त्यातल्या कितीतरी डावीकडे कलायच्या म्हणून बराच बोभाटा झाला होता. बाबा स्वतःच जेवताना सांगायचे. दोघांनीही एकाच वेळी बैठकीच्या खोलीत पाहिलं. तिथे बाबांची फिरती खुर्ची होती. काळी, उंच पाठीची, बाबा रिटायर झाले त्याच महिन्यात घरात आलेली. चैतन्य तेव्हा बेंगळुरूला होता. "ही माझ्या हक्काची खुर्ची," असं बाबा म्हणायचे, ती कुठून आली ते कधी कोणी विचारलं नव्हतं.

चैतन्यने जाऊन खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची हळूच डावीकडे कलली.

"अरे देवा," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी केतकीने आर. के. पुरमला भावाला, मानसला, फोन केला. "दादा, एक खुर्ची काही दिवस तुझ्याकडे ठेवशील?" मग थोडं कारण सांगितलं. मानस सरकारी नोकर. तो म्हणाला, "सरकारी क्वार्टरमध्ये पुरावा ठेवू? वेडी झालीस का? आणि हा फोन मला आलाच नव्हता." मग चैतन्यने मावसबहिणीला, विनयाला, फोन केला. ती वकील होती. "फोनवर काही बोलू नकोस," ती म्हणाली, "दुपारी कोर्टाचं एक काम आहे, ते उरकून येते. तोवर घरातली कुठलीही वस्तू हलवू नका."

पण तोवर चैतन्यने टेम्पो बोलावला होता. खुर्ची जुन्या फर्निचरवाल्याला देऊन टाकायची, बस.

दुपारी शशिकांतराव झोपले. नवराबायकोने चपला हातात घेऊन खुर्ची ढकलत बाहेर काढली. पाठ उंच असल्यामुळे ती लिफ्टमध्ये सरळ जाईना, आडवी केली तर दार लागेना. शेवटी चैतन्य तिच्यात बसला, केतकीने पाठ खाली दाबली आणि अनुष्काने बटण दाबलं. चौथ्या मजल्यावर एक बाई लिफ्टसाठी उभ्या होत्या. लिफ्टमध्ये खुर्चीत विराजमान झालेला चैतन्य पाहून त्या "आप चलिए," म्हणून जिन्याने गेल्या.

गेटपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्या सोसायटीचा नियम असा की फर्निचर बाहेर जाताना फ्लॅटमालकाची परवानगी लागते. आणि गार्ड श्याम हा नियमाचा माणूस होता.

"भैया, मी घरचाच आहे ना," चैतन्य हिंदीत अजिजीने म्हणाला.

"सर, फ्लॅट तो बड़े साहब के नाम है," श्याम म्हणाला आणि त्याने इंटरकॉम उचलला.

सातव्या मजल्यावर शशिकांतराव दचकून जागे झाले.

"साहब, गेट से श्याम बोल रहा हूँ। आपकी कुर्सी जा रही है। जाने दूँ?"

सरकारी माणसाला झोपेतून उठवून हे वाक्य सांगू नये. शशिकांतरावांना क्षणभर वाटलं, आपण अजून नोकरीत आहोत. मग त्यांनी बैठकीच्या खोलीत पाहिलं. जागा रिकामी होती, चाकांचे दोन ओरखडे दाराकडे गेले होते. म्हणजे यांना कळलं तर! आणि कळल्याबरोबर यांनी सामान काढायला सुरुवात केली! अजून बारावं-तेरावं दूर, आधी माणूस तरी जाऊ द्यावा!

ते बनियनवर शर्ट चढवत, उशीखालची फाईल काखेत मारून, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून खाली आले. गेटवर टेम्पो उभा होता आणि त्यांची खुर्ची रस्त्यावर उन्हात एकटी उभी होती. ते तडक गेले आणि तिच्यात बसले.

"बाबा, उठा ना," चैतन्य म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. मी आहे तोवर ही इथे आहे."

"बाबा," चैतन्य त्यांच्यापुढे उकिडवा बसला, "आम्हाला सगळं कळलंय."

शशिकांतरावांचा चेहरा उतरला. "कळलं? आणि तुझं तिकीट?"

"तिकीट गेलं खड्ड्यात. तुम्हाला अशा अवस्थेत टाकून मी जाईन?"

"हेच, हेच मला नको होतं!"

"पण तुम्ही केलंत कशाला, बाबा? या वयात?"

"कशाला म्हणजे? तुझ्या आईची इच्छा होती."

केतकीने टेम्पोचा आधार घेतला. "आईंची?"

"चार वर्षं मागे लागली होती. एकदा करून टाका, म्हणायची. लोक चाळिशी-पन्नाशीत करतात, तुम्हीच लाजता. मी तिच्या हयातीत केलं नाही, मग मनाला लागून राहिलं. गुलाबराव म्हणाले, चला, मी घेऊन जातो."

"गुलाबकाकांनी पण केलंय?"

"दोनदा! त्यांच्या ऑफिसातले बहुतेक सगळेच करतात. आधी भीती वाटते, म्हणाले, मग काही वाटत नाही. पण त्यांचं काही निघालं नाही."

"निघालं नाही म्हणजे सापडलं नाही!" चैतन्य ओरडला.

याच वेळी विनयाची गाडी गेटपाशी थांबली. काळा कोट अंगातच होता. ती धावत आली आणि हात वर करून म्हणाली, "काका, आता एक अक्षरही बोलायचं नाही."

काळा कोट बघून शशिकांतराव समजून चुकले. "इतक्यात मृत्युपत्रसुद्धा?" ते चैतन्यकडे बघून हळूच म्हणाले. "निदान चहा तरी होऊ द्यायचास."

"मृत्युपत्र कशाला? आधी जामिनाचं बघू," विनया म्हणाली.

"जामीन? वरच्या कोर्टात जामीन कुठला, बाळ?"

"काका, वरच्या कोर्टात कशाला, खालच्याच कोर्टात मिळेल. नोटीस कुठे आहे?"

शशिकांतरावांनी फाईल पोटाशी धरली. मग एक उसासा टाकून तिची नाडी सोडली आणि ती विनयाच्या हातात दिली. चैतन्य, केतकी, अनुष्का, टेम्पोवाला आणि श्याम, सगळे पुढे वाकले. विनयाने विषय वाचला. "पोट?" तिने पान उलटलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ती मोठ्याने वाचू लागली.

"'मोठ्या आतड्यातून काढलेले तीन पॉलिप. सर्वांत मोठा बारा मिलिमीटर'… काका, हे काय आहे?"

"तिघं. जागेवरच उचलले ते," शशिकांतराव म्हणाले.

केतकीने हळूच विचारलं, "म्हणजे कॅमेरा…"

"आत घातला."

"आणि आदल्या दिवशी जे साफ केलंत ते…"

"पोट. दुसरं काय? दोन लिटर खारट पाणी पाजतात."

चैतन्य रस्त्यावरच बसला. बाप चोर नाही म्हणून दोन क्षण त्याला इतका आनंद झाला की तो हसायला लागला, आणि तिसऱ्या क्षणी बापाला काय झालंय हे कळून त्याचं हसू थांबलं. "बाबा… म्हणजे कॅन्सर?"

"लो ग्रेड," शशिकांतराव मान खाली घालून म्हणाले. "निगेटिव्ह."

विनयाने डॉक्टरांचा नंबर फाईलवरून पाहून लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर नीरजा नागपूरच्या. मराठी बोलतात म्हणूनच शशिकांतरावांनी त्यांना निवडलं होतं. त्यांनी आधी शशिकांतरावांची हजेरी घेतली.

"टिपणीस साहेब, चार दिवस झाले तुमचा रिपोर्ट येऊन! आहात कुठे?"

"खुर्चीवर," शशिकांतराव म्हणाले. "डॉक्टर, मला स्पष्ट सांगा. किती दिवस?"

"कशाचे किती दिवस? तुम्हाला कॅन्सर नाही. निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी लिहिलंय ना? नकार आहे तो. नसल्याचा."

"निगेटिव्ह म्हणजे चांगलं?"

"इथे चांगलंच. हे बघा, पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब. तुमच्या कोंबांतल्या पेशी वाढायची शिस्त जरा विसरायला लागल्या होत्या. त्याला डिस्प्लेझिया म्हणतात. थोड्या विसरल्या तर लो ग्रेड, फार विसरल्या तर हाय ग्रेड. त्याच्याही पुढे गेल्या तर कॅन्सर. सगळेच पॉलिप तिथवर जात नाहीत, जे जातात त्यांना बहुधा बरीच वर्षं लागतात. तुमचे आपण आधीच पूर्ण काढून टाकले."

शशिकांतरावांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे डॉक्टर, तिघंही कनिष्ठ श्रेणीत होते. आणि प्रमोशन मिळायच्या आत आपण त्यांना सेवेतून कमी केलं."

पलीकडून हसू आलं. "अगदी बरोबर."

"आणि सर्व्हेलन्स?"

"ज्याला तीन आले त्याला पुन्हा येऊ शकतात. म्हणून तीन वर्षांनी परत एकदा बघायचं, एवढंच."

"बघा! तीन वर्षांनी बोलावलंय," शशिकांतराव सगळ्यांकडे बघून म्हणाले. जन्मात कोणी इतक्या अभिमानाने सर्व्हेलन्स हा शब्द उच्चारला नसेल. "तीन वर्षांनी! मी असणार म्हणूनच बोलावलं ना?"

श्यामला मराठी कळत नव्हती, पण त्याने टाळी वाजवली. केतकी हसत होती आणि डोळे पुसत होती. विनयाने कोट काढून टेम्पोवर टाकला.

"बाबा," चैतन्य ओशाळून म्हणाला, "मग ही खुर्ची? आम्हाला वाटलं, त्या चारशेतली एक…"

शशिकांतरावांनी विनयाच्या हातून फाईल घेऊन शेवटचं पान उलटलं. तपासणी कुमुदच्या मागणीची, म्हणून तिची एक जुनी पावतीही त्यांनी तिथेच लावली होती. कीर्तीनगरच्या फर्निचरच्या दुकानाची, कुमुद टिपणीसच्या नावाची. "तुझ्या आईने घेतली. म्हणाली, चौतीस वर्षं सरकारच्या खुर्चीवर बसलात, आता स्वतःच्या बसा."

"पण मग ही पण डावीकडे का कलते?"

"डावीकडे स्वयंपाकघर आहे," शशिकांतराव म्हणाले. "ती आतून काहीतरी बोलायची, मला नीट ऐकू यायचं नाही. मी कलायचो. चार वर्षं कललो, खुर्चीलाही सवय लागली."

फोन अजून चालूच होता.

"टिपणीस साहेब, चिरंजीव आहेत का तिथे? त्यांचं वय काय?"

"एप्रिलमध्ये चाळीस झालो," चैतन्य म्हणाला. "का?"

"वडिलांचा एक पॉलिप सेंटिमीटरहून मोठा होता. अशा वेळी मुलांनीही चाळिशीत एकदा बघून घ्यावं. परदेशी निघालायत ना? तपासणीच्या वेळी साहेब सांगत होते. जायच्या आधीच उरकून टाका."

"मी? मला काही त्रास नाही, डॉक्टर!"

"मलाही नव्हता," शशिकांतराव म्हणाले.

खुर्ची वर गेली. या वेळी लिफ्टमध्ये तिच्यात शशिकांतराव बसले होते, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून ते लोकांना "तीन साल बाद फिर बुलाया है," असं सांगत होते.

तिकीट रद्द झालं नाही. चैतन्यची तपासणी बावीस तारखेला ठरली. एकवीसला सकाळपासून त्याने नुसतं सरबत आणि वरणाचं पाणी घेतलं. चार वाजता शशिकांतरावांनी दोन लिटर खारट पाण्याचा जग टेबलावर आणून ठेवला. शेजारी नवी खाकी फाईल ठेवली. विषय : 'चि. चैतन्य'. आपली खुर्ची त्यांनी ढकलत बाथरूमच्या दारापाशी आणली.

"बस इथे. आज ही तुझी."

"बाबा, तुमची खुर्ची तुम्ही मला देताय?"

"तुझ्या आईने सांगितलं असतं. पी."

चैतन्यने नाक दाबून पहिला ग्लास संपवला, मग दुसरा. शशिकांतराव बाल्कनीत जाऊन गुलाबरावांना फोनवर प्रगती सांगत होते. अनुष्का हातात घड्याळ घेऊन जमिनीवर बसली होती. चौथ्या ग्लासाला चैतन्य म्हणाला, "काही होत नाही यार, उगाच घाबरवता तुम्ही." मग त्याचा चेहरा बदलला. खुर्ची एकदम डावीकडे कलली, गर्रकन फिरली आणि रिकामी झाली. बाथरूमचं दार धाडकन लागलं.

शशिकांतरावांनी बाल्कनीतून वळून पाहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वेगाने खुर्ची सोडताना त्यांनी कोणालाही पाहिलं नव्हतं.